सुईखालची भूमी

चाकण, भोसरी आणि तळेगाव या औद्योगिक पट्ट्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्याच्या लेखी रॅक म्हणजे कारखान्याच्या कोठारातील लोखंडी मांडणी. तिच्यावर किती टन माल चढेल, फोर्कलिफ्टचा धक्का लागल्यास तिचा खांब कितपत वाकेल, आणि भूकंपाच्या हिशेबात ती उभी राहील की नाही, एवढेच प्रश्न तिच्यासंबंधी विचारण्याचा शिरस्ता आहे. अशा मांडण्यांचे आराखडे करण्याच्या नोकरीत माझे आयुष्य खर्ची पडले. आणि निवृत्तीनंतर तळेगाव दाभाड्यास कायमचे बिऱ्हाड केल्यावर जे काम आपण होऊन माझ्याकडे चालत आले, ते या पूर्वायुष्याच्या अगदी शेजारचे असूनही त्यातील बहुतेक गृहीतकांना धक्का देणारे निघाले. घरात संगीत ऐकण्यासाठी बाळगलेली जड यंत्रे, म्हणजे अँप्लिफायर, टर्नटेबल, ध्वनिक्षेपक आणि या सर्वांहून जड असा ध्वनिमुद्रिकांचा संग्रह, यांच्याकरिता योग्य मांडणी निवडून देणे, आणि बाजारात ती मिळत नसेल तर करवून घेणे, असे त्या कामाचे स्वरूप आहे.

कोठारातील मांडणी मोडू नये, एवढ्यावर तिची परीक्षा संपते. पॅलेट पेलणाऱ्या आडव्या तुळईला भाराखाली आपल्या लांबीच्या 200व्या भागापर्यंत लवण्याची मुभा या व्यवसायाच्या संकेतांनीच दिलेली आहे. म्हणजे 2700 मिलिमीटर लांबीची तुळई 13 मिलिमीटर खाली गेली, तरी तपासनीस तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहणार नाही, आणि पाहण्याचे कारणही नाही, कारण तिच्यावरील गिअरबॉक्सच्या पेट्यांना तेवढ्या बाकाचे सोयरसुतक नसते. लंडनमध्ये छापखाना चालवणारे दिमित्रियस कोमिनो यांनी 1947 साली ओळीने भोके पाडलेला जो अँगल बाजारात आणला, आणि ज्याच्या नटबोल्टांनी जोडलेल्या मांडण्या आज आपल्याकडे औषधाच्या दुकानापासून तहसील कचेरीच्या दप्तरखान्यापर्यंत सर्वत्र दिसतात, त्याचेही सगळे सामर्थ्य झटपट जोडता येण्यात आणि भार पेलण्यात आहे. ती मांडणी हाताने ढकलली तर डुलते, आणि तिने डुलू नये अशी अपेक्षा तिच्याकडून कोणी केलीही नव्हती. संगीताच्या यंत्रांची मांडणी मात्र कोसळण्याचा प्रसंग जवळजवळ कधीच येत नाही. ती किती लवते, किती डुलते आणि जमिनीचा कंप किती प्रमाणात वर पोचवते, या तीन गोष्टींवर तिची योग्यता ठरते. आणि ग्राहक विचारतो तो प्रश्न मात्र नेहमी चौथाच असतो, तो म्हणजे, ‘किती किलो पेलेल?’

हा प्रश्न विचारणाऱ्यांत निरनिराळ्या थरांतील मंडळी असतात. कोणी देहूरोडच्या लष्करी डेपोतून निवृत्त झालेले, कोणी बँकेतील अधिकारी, कोणी चाकणच्या मोटारींच्या कारखान्यात अभियंता असून पगाराचा बराचसा भाग या एका नादावर खर्च करणारे; आणि काहींच्या घरी वडिलांच्या किंवा आजोबांच्या काळातील नाट्यसंगीताच्या लाखेच्या तबकड्यांची पेटीच वारशाने आलेली. अशा तबकड्या जपणाऱ्यांची मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था 1990 सालापासून आहे, आणि सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या संग्रहांना इतिहासाचे साधन म्हणून प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु संग्रहाची प्रतिष्ठा वाढली तरी त्याचे वजन कमी होत नाही, आणि ते वजन घरातील कोणत्या भिंतीवर टाकावे याचा निवाडा शेवटी सुताराकडे किंवा वेल्डरकडे येऊन थांबतो.

वजनाचाच हिशेब आधी मांडतो, कारण त्यात लोकांचा अंदाज हमखास चुकतो. मोठे अँप्लिफायर 30 ते 50 किलोंचे असते आणि त्याचे दडपण सर्वांनाच वाटते. उलट 12 इंची लाँग-प्ले तबकडी वेष्टणासह जेमतेम सव्वादोनशे ग्रॅमची, आणि म्हणून ती कोणाच्याच खिजगणतीत नसते. अशा सुमारे 300 तबकड्या उभ्या लावल्या की एक मीटर लांबीची फळी भरते आणि तिच्यावर 65 ते 70 किलो भार येतो. आणि संग्राहकाच्या घरी अशा फळ्या चार-पाच तरी असतातच. भारतीय मानक 875 प्रमाणे राहत्या खोलीची स्लॅब दर चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 200 किलो, एवढ्या वापरातील भारासाठी धरलेली असते, तर ग्रंथालयातील पुस्तकांच्या कोठारासाठी तेच मानक 6 किलोन्यूटन सांगते. तबकड्यांनी भरलेले कपाट हे या दृष्टीने ग्रंथालयाच्या वर्गात मोडते. त्याने स्लॅब खाली येईल, अशी भीती घालण्याचे कारण नाही, कारण भार खोलीभर पसरलेला नसतो. परंतु ते कपाट खोलीच्या मध्यभागी ठेवू नये, तुळईवर येणाऱ्या भिंतीलगत आणि शक्यतो कॉलमच्या कोपऱ्याकडे ठेवावे, एवढा विवेक मी प्रत्येक घरी आग्रहाने सांगतो, आणि त्यासाठी इमारतीचा नकाशा मागून घेतो.

आता फळीचा विचार. 18 मिलिमीटर जाडीची, 40 सेंटिमीटर रुंदीची चांगली प्लायवुडची फळी दोन टोकांवर टेकवून तिच्यावर एक मीटर लांबीभर तबकड्या लावल्या, तर ती मध्यभागी 7 ते 8 मिलिमीटर लवते. आणि लाकूड हे सतत भाराखाली राहिले की हळूहळू अधिकाधिक लवत जाणारे द्रव्य असल्यामुळे काही पावसाळ्यांनंतर हाच बाक दीडपट ते दुप्पट होतो. तीच फळी मध्ये एक उभी फळी देऊन अर्ध्या मीटरच्या दोन गाळ्यांत विभागली, तर बाक सोळापट कमी होऊन अर्ध्या मिलिमीटरवर येतो, कारण सारख्या पसरलेल्या भाराखाली बाक हा गाळ्याच्या लांबीच्या चतुर्थ घाताने वाढतो. जाडी दुप्पट केल्यास तो आठपटच कमी होतो, आणि लाकडाचा खर्च दुप्पट होतो. मधली उभी फळी मात्र थोडक्या पैशात त्याहून मोठे काम करते. सुतारमामांना हे गणित मांडून दाखवण्याची गरज नसते, त्यांच्या हातांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परंतु आखीव-रेखीव, लांबच लांब, मध्ये आधार नसलेल्या फळ्यांचे चित्र मोबाईलवर दाखवून ‘हुबेहूब असेच हवे’ म्हणणाऱ्या घरमालकापुढे त्यांचा नाइलाज होतो.

अशाच एका घरी, नामांकित दुकानातून आणलेल्या तयार मांडणीची तक्रार पाहण्यास मी गेलो होतो. मांडणी दिसायला देखणी होती, फळ्यांना अक्रोडाच्या लाकडाचा रंग होता. मी दोन टोकांवर खिळ्याने सूत ताणून धरले आणि मध्यभागी पोलादी पट्टी लावली. सूत आणि फळी यांच्यात बोटाचे पेर सहज शिरेल एवढे अंतर पडले होते. फळीची मागची कड उघडून पाहिली तेव्हा आत भुसा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड निघाला, ज्याचा ताठपणा प्लायवुडच्या एक-तृतीयांशाच्या आसपास असतो, आणि ज्याची कड मावळच्या चार महिन्यांच्या पावसाळी हवेत फुगून भाकरीच्या पापुद्र्यासारखी सुटू लागली होती. त्या फळीवरचे टर्नटेबल त्या बाकामुळे एका बाजूला कलले होते, आणि सुईची भुजा प्रत्येक तबकडीवर आतल्या अंगाला ओढ घेत होती. मालक मात्र दोन वर्षे दोष सुईला देत तीच बदलत राहिले होते.

द्रव्यांच्या बाबतीत माझी मते आता ठाम झाली आहेत. फळीसाठी पाण्याला दाद न देणारे, मानक 710 चा शिक्का असलेले प्लायवुड घ्यावे, किंवा ऐपत असेल तर जुन्या वाड्यांच्या पाडकामातून निघालेले सागवान. त्या सागवानाचा ओलावा कित्येक दशकांत पूर्ण निघून गेलेला असतो, आणि त्यामुळे ते पुढे पिळवटत नाही. आमच्याकडे स्वयंपाकघरातील मांडणीला वापरतात तो कडप्पा पुष्कळांना मोहात पाडतो, आणि वस्तुमानाच्या दृष्टीने तो गुणी आहेच. परंतु दगड ताण सोसत नाही, वाकण्याची पूर्वसूचना न देता एकाएकी तडकतो, आणि त्यावर बोटाच्या सांध्याने टकटक केली तर तो घंटेप्रमाणे वाजतो. म्हणून कडप्पा वापरायचाच, तर त्याच्या खाली सलग प्लाय असावी आणि दोहोंमध्ये फेल्टचा थर असावा. तशी जोडी केल्यावर तीच टकटक मुकी होते, आणि हा फरक ग्राहकाला कानाने ऐकवला की पुढे समजावून सांगण्याचे काम उरत नाही.

काचेविषयी दोन शब्द अधिक, कारण हे गाव काचेचे आहे. लोकांनी पैसा-पैसा देऊन उभारलेल्या पैसा फंडातून 1908 साली तळेगावात काचेचा कारखाना निघाला, अंताजी दामोदर काळे यांची कळकळ आणि ईश्वरदास वार्ष्णेय यांचे तंत्रज्ञान यांच्या बळावर तो उभा राहिला, आणि स्वदेशी उद्योगाच्या इतिहासात या गावाचे नाव त्याने कायमचे नोंदवून ठेवले. त्या परंपरेचा अभिमान बाळगूनही मी म्हणेन की, जड यंत्रांखाली काचेची फळी असू नये. टफन केलेली काच साध्या काचेच्या चार-पाच पटींनी बळकट असते हे खरे, पण तिची कड एखाद्या अणकुचीदार पायाने किंवा उलट्या पडलेल्या स्क्रूड्रायव्हरने दुखावली, तर ती एका क्षणात कणाकणांनी विखुरते. आणि तिच्यात कंप जिरवण्याचा गुण जवळजवळ नाहीच.

यापुढचा भाग टर्नटेबलचा, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचे मर्म त्यातच आहे. लाँग-प्ले तबकडीवरील खाच मिलिमीटरच्या सुमारे 20व्या भागाएवढी रुंद असते, आणि तिच्या भिंतींवर कोरलेल्या लाटा मंद स्वरांच्या जागी एका मायक्रॉनहूनही लहान होतात. सुमारे 2 ग्रॅम भाराने त्या खाचेत उतरलेली सुई आपल्याला जे सांगते, ते खाच आणि भुजा यांच्या परस्पर हालचालीचे अंतर होय. ती हालचाल खाचेतील कोरीव स्वरामुळे झाली, की खोलीत कोणी पाऊल आपटल्यामुळे भुजा हलल्याने झाली, हा भेद करण्याची शक्ती सुईजवळ नाही. दोन्ही तिच्या दृष्टीने सारखेच सत्य, आणि दोन्ही ती सारख्याच निष्ठेने पुढे पाठवते. चाकणच्या कोठारात टनाटनांचे हिशेब केलेल्या माणसाला हा विचार प्रथम ऐकल्यावर अंगावर काटा आणणारा वाटला, कारण 13 मिलिमीटरच्या मुभेत वाढलेल्या माझ्या व्यवसायाला मायक्रॉन ठाऊक होता तो फक्त लेथवर.

या कंपापासून बचावाचे दोन मार्ग यंत्र बनवणाऱ्यांनीच शोधले, आणि ते परस्परविरुद्ध आहेत. एक मार्ग इंग्लंडच्या गॅरार्ड 301 आणि 1965 सालच्या 401 या टर्नटेबलांचा: मोटार भक्कम, रबराच्या चाकाने तबकडीचे जड ताट फिरवणारी, आणि तिचा स्वतःचाच घरघराट दाबण्यासाठी सभोवार जाड लाकडाचा किंवा दगडाचा जड पाट. दुसरा मार्ग एडगर विल्चर यांनी 1961 साली अमेरिकेत काढलेल्या अकूस्टिक रिसर्च टर्नटेबलचा: ताट आणि भुजा एका हलक्या चौकटीवर, ती चौकट तीन मऊ स्प्रिंगांवर तरंगती, आणि बाहेरचा कंप स्प्रिंगांच्या दाराशीच अडवलेला. पहिल्या जातीच्या यंत्राला खाली वजनदार आणि कंप जिरवणारी मांडणी मानवते. दुसऱ्या जातीच्या यंत्राला हलकी, पण अत्यंत ताठ मांडणी लागते, कारण डुलणाऱ्या मांडणीवर स्प्रिंगांचे यंत्र ठेवले तर दोघांच्या झोक्यांची गाठ पडून सुई तबकडीवरून उडते. मांडणी निवडताना ग्राहक कंपन्यांची नावे सांगतो, वजने सांगतो, किमती सांगतो. मी विचारतो ती गोष्ट एवढीच की, तुमचे यंत्र स्प्रिंगांवर आहे की नाही. उत्तर ठाऊक नसेल, तर ताटाच्या कडेवर बोटाने अलगद दाब देऊन पाहतो, आणि ते खाली-वर झुलले की निम्मा निर्णय तिथेच होतो.

गाव भागातील एका जुन्या वाड्याच्या माडीवरचे काम या संदर्भात सांगण्याजोगे आहे. माडीची जमीन लाकडी तुळयांवर फळ्या टाकून केलेली, आणि तिच्यावर चार पायांच्या भक्कम शिसवी टेबलावर स्प्रिंगांचे टर्नटेबल. घरातील आजी देवघराकडे निघाल्या की प्रत्येक पावलागणिक सुई उडे, आणि गाणे चालू असताना त्यांना चौकटीपाशी थांबून राहावे लागे. नातवाने मला विचारले, “काका, टेबल आणखी जड करू या का? खाली लोखंड भरले तर?” त्याचा तर्क कोठाराच्या दृष्टीने बरोबर होता, परंतु लवचीक जमिनीवर वजन वाढवले तर तिचा झोका अधिक संथ होतो, माणसाच्या चालीच्या आणि स्प्रिंगांच्या झोक्याच्या आणखी जवळ येतो, आणि आजार बळावतो. उपाय जमिनीवर नव्हताच, तो भिंतीत होता. परंतु त्या हातभर जाड भिंतीचे दगड मातीत बसवलेले, त्यांत बोल्ट धरला नसता. अखेर खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीत पूर्वीपासून असलेले फडताळ आम्ही मोकळे केले, त्याची दारे काढून ठेवली, तळाशी चुन्यात कडप्प्याची फरशी बसवली, ओळंबा आणि पाणसळ लावून ती दोन्ही दिशांनी समतल केली, आणि चुना पुरता सुकू दिल्यावर तिच्यावर यंत्र ठेवले. त्या भिंतीचा पाया थेट जमिनीत जातो, माडीच्या तुळयांशी तिचा संबंध फक्त टेकण्यापुरता. गाणे लावले आणि आजींनी चौकटीतून विचारले, “आता येऊ का रे मी?” आणि त्या आल्या.

नव्या इमारतींत हाच उपाय सरसकट लागू पडत नाही, आणि तेथे फसगत होण्याचा संभव अधिक. तळेगावच्या स्टेशन भागात आणि सोमाटणे फाट्याकडे ज्या उंच इमारती झाल्या, त्यांतील पुष्कळांच्या आतल्या भिंती हवा कोंडलेल्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या, म्हणजे एएसी ब्लॉकच्या असतात. त्या ठोकळ्याची घनता घनमीटरला 600 किलोंच्या आसपास, तो पाण्यावर तरंगतो. त्यात साधा प्लास्टिकचा गट्टू आणि स्क्रू ठोकून 25 किलोंची फळी टांगली, तर काही काळाने गट्टूभोवतीचा भुगा होऊन स्क्रू सुटतो. अशा भिंतीत बोल्ट आरपार घालून पलीकडे पोलादी पट्टी द्यावी, किंवा भिंतीचा नाद सोडून मांडणी जमिनीवर उभी करावी. याउलट मायव्हान पद्धतीने बांधलेल्या इमारतीत भिंतीही सलग काँक्रीटच्या असतात, आणि तेथे पोलादी अँकरवर टांगलेली फळी हा सर्वांत निर्धोक मार्ग ठरतो. भिंत कोणत्या जातीची आहे हे रंगावरून कळत नाही; ड्रिलच्या टोकाशी निघणारी पूड पांढरी, पिठूळ आणि भरभर येत असेल तर एएसी, करडी आणि हट्टाने येत असेल तर काँक्रीट, तांबडी असेल तर वीट, ही खूण मात्र चुकत नाही.

जमिनीवर उभी करावयाची लोखंडी मांडणी आम्ही 40 मिलिमीटर चौकोनी पाइपाची करतो, पत्रा 2 मिलिमीटर. आमच्या वेल्डरने पहिल्या वेळी विचारले होते, “साहेब, गाण्याच्या डब्याला एवढा जाड पाइप कशाला? याच्यावर तर मोटारीचे इंजिन बसेल.” इंजिन बसेल हे खरेच, परंतु पातळ पाइपाची मांडणी तिरप्या आधारावाचून डुलते आणि पोकळ पाइप वाजतो. म्हणून मागच्या बाजूला तिरपी पट्टी किंवा कोपऱ्यांत त्रिकोणी पत्रे देतो, आणि उभ्या पाइपांत वाळू भरतो. या वाळूचीही एक रीत आहे. ओली वाळू पाइपाला आतून गंज लावते, म्हणून ती चाळून, मोठ्या लोखंडी कढईत भट्टीवर भाजून, हाताला कोरडी खडखडीत लागेपर्यंत परतावी लागते; मग थंड झाल्यावर थोडी थोडी ओतत पाइपाला लाकडी हातोड्याने ठोकत जायचे, की ती खाली बसत जाते. वर झाकण वेल्डिंगने बंद करायचे नाही, रबरी बूच बसवायचे, कारण काही महिन्यांत वाळू आणखी बसते आणि पुन्हा थोडी भर घालावी लागते. भरण्यापूर्वी आणि भरल्यानंतर त्याच पाइपावर किल्लीने टोला मारून पाहणे, हा आमच्या वर्कशॉपमध्ये आता परिपाठ झाला आहे, आणि इंजिनाची उपमा देणारा तो वेल्डरच नव्या मुलांना तो आवाज ऐकवतो.

उष्णता आणि विजेचा गुंजारव यांचा विचार थोडक्यात उरकतो. अँप्लिफायर, विशेषतः दिव्यांचे, म्हणजे व्हॉल्व्हचे, किंवा जे गाणे लागो न लागो सारखाच प्रवाह खातात असे, ते दारांच्या शोकेसमध्ये कधीही कोंडू नये. वर निदान 15 सेंटिमीटर मोकळी जागा आणि मागची बाजू उघडी असावी. अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर आणि टर्नटेबलची सुई यांच्यात दोन फूट तरी अंतर ठेवावे, कारण सुईमागील कार्ट्रिज जेमतेम पाच-एक मिलिव्होल्टचा संकेत देते आणि 50 हर्ट्झचा गुंजारव त्याच्यात शिरायला विलंब लागत नाही. म्हणूनच सर्व यंत्रे एकाच उंच मांडणीत एकावर एक रचण्याची जी हौस दिसते, तिला माझा विरोध आहे. दोन बुटक्या मांडण्या शेजारी शेजारी केल्या तर जागा थोडी जास्त लागते, पण भार खाली राहतो, गुंजारव दूर राहतो आणि ध्वनिक्षेपक तर या दोन्हींपासून वेगळ्या पायांवर उभे करता येतात.

सध्या हाती असलेले काम रेल्वेमार्गालगतच्या एका बैठ्या घरातील आहे. मुंबई-पुणे लोहमार्गाचा हा टप्पा 1858 सालापासून वाहता आहे, मालगाड्यांचे ओझे तेव्हाच्या मानाने कैकपटींनी वाढले आहे, आणि चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यावरील ट्रेलरांची त्यात भर पडली आहे. रात्री मालगाडी जाताना त्या घरातील पेल्यातील पाण्यावर वर्तुळे उमटतात, हे मी स्वतः पाहिले. यंत्र गॅरार्डच्या जातीचे, स्प्रिंगा नसलेले, पाटासह 36 किलोंचे. गृहस्थांनी भोसरीच्या एका प्रेसशॉपमधून, यंत्राखाली घालतात ते जाड रबरी पॅड आणले होते, आणि त्यांवर त्यांची मोठी भिस्त होती. परंतु ते पॅड दर नगास 200 किलो भारासाठी घडवलेले. 9 किलो भाराखाली ते दबतच नाहीत, आणि न दबणारा पॅड हा कंपाच्या दृष्टीने दगडच. आधार भाराखाली एक मिलिमीटर दबला तर त्याचा नैसर्गिक झोका सेकंदाला सुमारे 16 होतो, एक सेंटिमीटर दबला तर सुमारे 5. आणि सुईच्या भुजेचा स्वतःचा झोका 8 ते 12 च्या दरम्यान असल्यामुळे, आधाराचा झोका त्याच्या बराच खाली नेण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून पॅड परत करवून, वाळू भरलेल्या चौकटीवर चार स्प्रिंगांची तजवीज योजली आहे, प्रत्येक स्प्रिंग एक सेंटिमीटरहून थोडी अधिक दबेल अशी. यंत्राचा भार चारही कोपऱ्यांवर समान नाही. मोटारीच्या कोपऱ्याखाली काटा ठेवून पाहिला तेव्हा तेथे 12 किलो भरले आणि भुजेच्या कोपऱ्याखाली 7. चारही स्प्रिंगा एकाच तारेच्या घेतल्या तर यंत्र मोटारीकडे कलेल. त्यामुळे प्रत्येक कोपऱ्याचा भार वेगळा लिहून, त्याप्रमाणे तारेची जाडी आणि वेढ्यांची संख्या ठरवून, भोसरीच्या स्प्रिंग करणाऱ्या कारागिराकडे चार वेगवेगळे नमुने टाकले आहेत, आणि कोणती स्प्रिंग कोणत्या कोपऱ्याची हे पुढे कोणी उलगडले तरी चुकू नये, म्हणून प्रत्येकीला वेगळा रंग द्यायला सांगितले आहे.